पेन्शन ‘जप्त’ की ‘रोखली’?

सातबारा: निवृत्त कर्मचाऱ्याला लाचेच्या खटल्यात शिक्षा झाली की बातमीत ‘पेन्शन जप्त’ असं छापून येतं. सरकारी कागदावर मात्र ‘निवृत्तिवेतन रोखणे किंवा काढून घेणे’. सगळं एकच ना?

जुना कारकून: छे! ‘जप्त’ तर सपशेल चूक. जप्ती आणतो धनको, कोर्टामार्फत. त्याने दावा जिंकला तर दारातली मोटारसायकल जाईल, सरकारी पेन्शनला हात लागत नाही. पेन्शन अधिनियम, १८७१ चं कलम ११ त्यासाठीच आहे. म्हणजे जे होऊच शकत नाही, नेमकं तेच मथळ्यात!

शासन करतं ते वेगळं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २६ काढा. निवृत्तीनंतरही वर्तणूक चांगली हवी, ही अट आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात तर शासन लेखी आदेशाने निवृत्तिवेतन रोखू किंवा काढून घेऊ शकतं, पूर्ण किंवा काही भाग, कायमचं किंवा ठरावीक मुदतीपुरतं. त्यामुळे ‘रोखलं’ म्हणजे तात्पुरतंच, अशा भ्रमात राहू नका. मुदत आदेशात वाचायची.

सातबारा: आणि नुसता खटला चालू असेल तर?

जुना कारकून: तेव्हा ‘तात्पुरते निवृत्तिवेतन’. दरमहा पैसे येतात, उपदान (आपली ग्रॅच्युइटी हो) निकालापर्यंत अडकतं. झारखंडच्या एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की पेन्शन ही मालमत्ता आहे. नियमात तरतूद नसताना नुसत्या प्रशासकीय सूचनेवर ती अडवता येणार नाही.

दुपारचा चहा: आमच्याकडे सर्रास म्हणतात, ‘बडतर्फ झाला, पेन्शन काढून घेतली.’ काढून घेणार काय? बडतर्फीने पूर्वीची सेवाच बुडते, मग पेन्शन जन्मालाच येत नाही. कायद्याच्या मराठीत याला ‘समपहरण’ म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याने एकदा मोठ्याने म्हणून बघायला हवा होता.

सातबारा: मग बडतर्फ माणसाला काहीच नाही?

जुना कारकून: ‘अनुकंपा निवृत्तिवेतन’ मिळू शकतं. केंद्राच्या नियमांत ते एरवी मिळाली असती त्या पेन्शनच्या जास्तीत जास्त दोन तृतीयांश, तेही विशेष बाब म्हणून; हक्क म्हणून मागता येत नाही. आणि कर्मचारी वारल्यावर घरच्यांना मिळते ती अनुकंपा नोकरी, तिचा याच्याशी संबंध नाही. खिडकीवर रोज दोघांची गल्लत होते.