शब्दचर्चा: 'कूगर'ला मराठीत काय म्हणावं?

अंधेरीकर: डेटिंगच्या रिॲलिटी शोंची मराठी सबटायटल्स करते. 'कूगर'पाशी गाडी अडली आहे. मूळ अर्थ अमेरिकेतलं मोठं रानमांजर, प्यूमा. बोलण्यात मात्र आपल्याहून बऱ्याच लहान पुरुषांत रस घेणारी, साधारण चाळिशीपुढची बाई. २००७ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 'एज ऑफ लव्ह' हा असाच शो आला होता. मधोमध तिशीचा टेनिसपटू मार्क फिलिपूसिस, एका बाजूला चाळिशीतल्या 'कूगर', दुसऱ्या बाजूला विशीतल्या 'किटन', म्हणजे मांजरीची पिल्लं. माझ्या शोमध्येही हीच जोडी सारखी येते. वाक्य पडद्यावर दोन-तीन सेकंद टिकतं, तळटीप द्यायची सोय नाही.

गिरगावकर: सोप्पंय. 'वाघीण' आणि 'मनीमाऊ'.

अंधेरीकर: काका, 'वाघीण' आपल्याकडे शाबासकी आहे हो. पोरीने छेडणाऱ्याला बदडलं की आई म्हणते, वाघीण आहे माझी. मूळ शब्दात टोमणा आहे, तोच गायब होतो.

परळची: सरळ 'चाळिशीवाल्या' आणि 'विशीवाल्या' करा ना. विशी, तिशी, चाळिशी हे शब्द आपल्याकडे तयार आहेत.

गिरगावकर: 'चाळिशीवाल्या' वाचून मी तरी चष्मेवाल्या बायका समजेन. आमच्या घरी रोज सकाळी 'माझी चाळिशी कुठे ठेवलीस?' चालतं.

मुलुंडचा मास्तर: अडचण वेगळी आहे. वयाच्या अंतरावरून टोचणारे मराठी शब्द बहुतेक पुरुषासाठी घडले. लग्नाचं वय उलटलेला तो घोडनवरा, पहिलं लग्न होऊन गेलेला बिजवर, उतारवयात प्रेमात पडला तर म्हातारचळ. 'जरठ-कुमारी विवाह' हा तर अख्ख्या चळवळीचा शब्द. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ चं, त्यातल्या भुजंगनाथाला पंचाहत्तरीत नवरी हवी असते. (जाता जाता: १९२९ चा बालविवाहाविरुद्धचा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला असं पुष्कळांना वाटतं. तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून.) त्या काळात म्हातारा नवरा आणि अजाण नवरी हे घरोघरचं दुःख होतं, म्हणून भाषेने तिथे दात काढले. बाईसाठी आहे ती 'घोडनवरी', पण तिचा गुन्हा लग्न न जमणं एवढाच. नवरा तिच्याहून लहान असण्याशी त्याचा संबंध नाही. धाकट्या पुरुषावर प्रेम करणाऱ्या बाईला मराठीत शिवी नाही, आणि सबटायटलसाठी ती नव्याने पाडू नये असं माझं मत.

परळची: शिवी नाही, पण कुजबुज आहे की! सचिन तेंडुलकरच्या लग्नाला १९९५ पासून इतकी वर्षं झाली, तरी 'अंजली त्याच्यापेक्षा मोठी आहे, माहितीये?' हे आजही कोणीतरी बातमीसारखं सांगतं. पाच-सहा वर्षांचा फरक. हाच उलटा असता तर वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर 'अपेक्षित अंतर' म्हणून बिनबोभाट बसला असता.

मुलुंडचा मास्तर: बरोबर, पण कुजबुजीतही शब्द 'मोठी' हाच. थोरली जाऊ मोठी, तशी ही मोठी. ऐकणारा काय सूर लावतो त्यावर पुढचं. अंधेरीकरताई, तुम्ही तेच वापरा: 'वयाने मोठी'.

दादरकर: आणि २०२३ चा 'द गोल्डन बॅचलर' हा डेटिंग शो? सत्तरी ओलांडलेला नायक, त्याला म्हातारचळ लागला म्हणायचं का?

मुलुंडचा मास्तर: नाही. तिथे आलेल्या बायकाही साठ ते पंच्याहत्तरच्या होत्या. म्हातारचळाला समोर तरणी पोर लागते.

अंधेरीकर: मग असं करते. निवेदक गटाचं नाव म्हणून उच्चारतो तिथे 'कूगर' देवनागरीत तसाच, पहिल्या भागात एकदा 'चाळिशीतल्या कूगर' लिहून. म्हणजे चष्म्याचा घोटाळा टळेल. स्पर्धक बाई स्वतःबद्दल बोलते तिथे 'मी त्याच्यापेक्षा मोठी आहे'. आणि विशीतली मुलगी चिडून 'ती कूगर!' म्हणते, तिथे 'ती बया!'. वय सुटतं, पण राग तरी पोचतो. 'किटन'चं मात्र अजून जमलेलं नाही.

गिरगावकर: मनीमाऊ आहेच माझी. विचार करा.