म्यानमारच्या लोकांसाठी फैजपुरात काही करायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही फैजपूर-सावद्याकडचे सात-आठ जण १ फेब्रुवारीला म्यानमारच्या लोकांसाठी अर्धा तास तीन बोटं वर करून (ही तिथल्या आंदोलकांची निषेधाची खूण) उभं राहायचं म्हणतोय, २०२१ ला ह्याच तारखेला तिथं लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि लोक रात्री आठला ताटं-पातेली बडवून निषेध करायचे. "तुमचा काय संबंध, आधी केळीच्या भावाचं बघा" हे ऐकून झालंय, पण १९३६ च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरू स्पेनच्या यादवी युद्धावर बोलले तेव्हा तरी कुठे संबंध होता!

तर जळगाव जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ ची जमावबंदी असली की एवढ्या जणांनी गप उभं राहायलाही परवानगी लागते का, अर्ज ठाण्यात द्यायचा का तहसीलला? आणि मिझोराममध्ये हजारो निर्वासित आलेत, त्यांच्यापर्यंत मदत पोचवलीय का कोणी, कशी?

म्यानमारमधल्या आंदोलकांचे फोटो बॅनरवर नकोत असं मी अडून बसलोय, चेहरा ओळखला गेला तर मागे राहिलेल्या घरच्यांना त्रास, पण आमचे बॅनरवाले भाऊ ऐकत नाहीत, त्यांना फोटो मोठाच लागतो, जमल्यास स्वतःचाही. फोटोऐवजी काय टाकावं सांगा, गुरुवारपर्यंत छापायला द्यायचाय.