शब्दचर्चा: 'वेटिंग'ला (wetting) मराठीत काय म्हणायचं? भिजणं, ओलं होणं की पाणी धरणं?

ऊसवाला: नॅनो (म्हंजे अतिबारीक खाचा-टोकांच्या) पृष्ठभागावर पाणी कसं वागतं यावर मराठीत लिहायलोय. 'वेटिंग'ला 'आर्द्रीकरण' घातलं तर हवेत दमटपणा वाढल्यासारखं वाटायलंय. भिजणं म्हणावं तर काच कुठं भिजती?

करवीरकर: काच ओली होते, भिजत नाही, बरोबर. आमच्याकडं सरळ म्हणतात, अळूचं पान पाणी धरत न्हाई. तेच घ्या की. स्पर्शकोन, म्हंजे थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या बाजूनं करते तो कोन, ९० अंशाच्या आत असला की पृष्ठभाग पाणी धरतो, वर गेला की धरत नाही, आणि अळू-कमळ १५०च्याही वर. थॉमस यंग या शास्त्रज्ञानं १८०५ला स्पर्शकोनाचा नियम मांडला तो गुळगुळीत पृष्ठभागासाठी, खडबडीतसाठी दोन नियम: वेन्झेलचा (१९३६), म्हंजे पाणी खाचांत भरलेलं, आणि कॅसी-बॅक्स्टरचा (१९४४), म्हंजे थेंब टोकांवर बसलेला नि खाली हवा अडकलेली.

रंकाळा_चौपाटी: एवढं कशाला? 'जलविरोधी' रूढ आहे, टाका आणि मोकळे व्हा.

करवीरकर: भावा, तिथंच फसतंय. वरनं पडलेला थेंब टोकांवर बसतो, पण दहिवर वरनं पडतंय व्हय? वाफेचं पाणी पानावरच्या मेणाच्या बारीक कणांमधल्या फटीतच तयार होतं, आतनंच भरत येतं, आणि मग घरंगळायच्या ऐवजी चिकटून बसतं. म्हंजे तेच पान पाऊस धरत नाही पण दहिवर धरतं, आता त्याला जलविरोधी म्हणायचं का जलस्नेही?

ऊसवाला: हे भारी. आणि 'कंडेन्सेशन', म्हंजे वाफेचं पाणी होणं? भूगोलात सांद्रीभवन, विज्ञानात संघनन.

कारखान्यातला: संघनन घ्या, सांद्रीभवन उच्चारताना दम लागतो. आम्ही तर नुसतं कंडेन्सेट म्हणतो. पण त्यात दोन प्रकार, ते वेगळे ठेवा. वाफेतल्या गार नळीवर पाण्याचा सलग थर धरला की तो थरच उष्णता अडवतो, थेंब-थेंब होऊन गळून पडलं तर उष्णता कितीतरी पट जास्त जाते. 'थरसंघनन' आणि 'थेंबसंघनन', झालं. (आमच्या साखर कारखान्यातल्या कॅलेंड्रियात, म्हंजे रस आटवायच्या भांड्यातल्या नळ्यांच्या संचात, मात्र नळीच्या आत साचलेलं रसाचं कडक स्केल आधी खरवडा, मग नॅनो बघू.)

ऊसवाला: आणि अशा पाणी न धरणाऱ्या नॅनो पृष्ठभागावर संघननातले दोन बारके थेंब एकत्र आले की आपोआप उडतात ते? २००९ला दाखवलंय.

करवीरकर: एक झाले की पृष्ठभाग कमी होतो, वाचलेल्या ऊर्जेतला थोडा भाग त्याला वर फेकतो. त्याला कसला संस्कृत शब्द काढताय, 'थेंब टुणकन उडतो' लिहा.