मदत हवी आहे: सासऱ्यांच्या तोंडातली बुरशी पेंट लावूनही परत येते

प्रश्न (इंदूर)
सासऱ्यांचं वय ७१. मधुमेह आहे, दम्याचा बुडेसोनाइडचा पंप रोज दोनदा घेतात, वरची कवळी आहे. अँटिबायोटिकचा कोर्स संपता संपता जिभेवर आणि गालाच्या आत दह्यासारखे पांढरे थर आले. डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचा माउथ पेंट (तोंडात लावायचं पातळ औषध) दिला. थर गेले, पेंट थांबवला आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. पोह्यांवरचं जीरावन तर सोडाच, नुसती शेवही झोंबते म्हणतात. काय राहून जातंय?

उत्तर १
औषध बरोबर आहे, पण कवळी तशीच राहिली असणार. कॅन्डिडा ही बुरशी बहुतेकांच्या तोंडात थोडीफार असतेच. वाढलेली साखर, पंपातलं स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक, तिन्ही तिच्या पथ्यावर पडतात. त्यात कवळीच्या ॲक्रिलिकवर तिचा थर बसतो, तो टाळूला पेंट लावून निघत नाही. कवळी काढून बघा: टाळू नेमका तिच्या आकाराइतकाच लालभडक दिसला, तर मुक्काम तिथेच आहे.

रात्री कवळी तोंडात नकोच. मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाने आतली बाजू घासायची. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि बुरशीला जागा मिळते. उकळत्या पाण्यात कवळी वाकडी होते. मग ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनमध्ये (जंतुनाशक माउथवॉश) कवळी बुडवून १५ मिनिटं, दिवसातून दोनदा, नंतर नीट धुऊन. डाग पडतात, चालायचंच. रात्रभर स्वच्छ पाण्यात, आणि ते पाणी रोज बदलायचं.

पेंट जेवणानंतर, चूळ भरून, कवळी काढून. १० ते २० थेंब, दिवसातून तीन-चार वेळा, जमेल तितका वेळ तोंडात धरायचे. पुढे अर्धा तास पाणीसुद्धा नाही. थर दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करा. लवकर थांबवलं की हमखास उलटतं.

उत्तर २
पंप मात्र परस्पर बंद करू नका. दाबायचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, म्हणजे औषध घशात कमी साठतं. कॅप्सूल घालून ओढायचा असेल तर स्पेसरचा उपयोग नाही. दोन्हींत नंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. ब्रश करायच्या आधी पंप घेतला की हे आपोआप होतं.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. साखर चढलेली असेल तर लाळेतही ग्लुकोज वाढतं आणि वरचे सगळे उपाय अपुरे पडतात.

पेंटने भागलं नाही तर डॉक्टर फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या गोळ्या देतील, साधारण ७ ते १४ दिवस. ही गोळी ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या औषधाचा परिणाम वाढवते, साखर एकदम उतरू शकते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना आधी दाखवा. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका.

प्रश्नकर्ती
खूप आभार. आत्याबाई म्हणतात, टाकणखाराची लाही मधात कालवून लावा. लावू का?

उत्तर १
नको. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, पोटात जाणं बरं नाही. आणि मधुमेह्याच्या तोंडात दिवसभर मध कशाला! घरात तान्हं बाळ असेल तर त्याला मुळीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तसाही द्यायचा नसतो.

उत्तर २
ओल्या गॉजने थर हलकेच पुसून बघा. निघाला आणि खाली लाल दिसलं तर थ्रश, म्हणजे हीच तोंडातली बुरशी. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, त्यातून तंबाखू-गुटख्याची सवय असेल, तर पेंट लावत बसू नका. लगेच दंतवैद्य, गरज वाटली तर ते चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही दाखवता येईल, कवळी सैल झाली असेल तर तेही तिथेच विचारा. गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असू शकते, तिथे पेंट पोहोचत नाही. त्याच दिवशी डॉक्टर.