विहिरीतल्या डासांवर उपाय हवा, लवकर सांगा

वेलची_केळं: महिन्याभरात घरात दोघांना हिवताप. रिपोर्टमध्ये व्हायवॅक्स, म्हणजे हिवतापाचा एक जंतू. मागच्या विहिरीत रॉकेल किती टाकायचं? सासूबाई रोज तिन्हीसांजेला कडुलिंबाचा पाला नि गोवऱ्या जाळतात, डास तसेच, मलाच खोकला.

पागोळी: थांबा! त्या विहिरीचं पाणी पिता का? राहता कुठे?

वेलची_केळं: पितो की. पेणजवळ.

जुना_फवारणीवाला: मग रॉकेल कसलं टाकताय! गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारा, फुकट देतात.

ओढ्याकाठी: गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ओढ्यात शिरले की आपल्या माशांची वाट.

जुना_फवारणीवाला: विहिरीतून ओढ्यात चालत जाणार का?

ओढ्याकाठी: कोकणातली विहीर पावसाळ्यात काठावरून वाहताना पाहिली नाहीत वाटतं.

बंड्या७७: समोरच्या गटारात फिनेल ओता. आम्ही तेच करतो.

जुना_फवारणीवाला: गटारातला डास म्हणजे क्युलेक्स, तो हत्तीरोगाचा. हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलीसला स्वच्छ पाणी लागतं. पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून बघा. त्याची अळी पाण्यावर आडवी असते, क्युलेक्सची डोकं खाली करून लटकते.

ठाणेकरीण: गोवऱ्या कुठे मिळतात हो? इथे पूजेच्या दुकानात फार महाग.

वेलची_केळं: बघितलं. विहिरीत एकही नाही. स्लॅबवर मात्र वळवळतायत, सगळ्या आडव्या.

पागोळी: कसला स्लॅब??

वेलची_केळं: वरचा मजला चढवतोय ना. सिमेंट पक्कं व्हायला स्लॅबवर वाफे करून पाणी धरलंय. कामगार मागे शेडमध्येच राहतात, एकाला मध्ये ताप येऊन गेला. हे सांगायला हवं होतं का?

जुना_फवारणीवाला: अहो ताई, पहिल्या ओळीत! अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. वाफ्यातलं पाणी आजच काढा, नाहीतर गोणपाट अंथरून ते ओलं ठेवा. टाकी, पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडं. कामगारांचं रक्त तपासून घ्या, त्यांना मच्छरदाण्या द्या. आणि 14 दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या ना, पूर्ण झाल्या?

वेलची_केळं: ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी बंद केल्या.

जुना_फवारणीवाला: व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, महिन्यांनी उलटतो. डॉक्टरांना आजच सांगा.

वेलची_केळं: बरं. आणि धूर? सासूबाई विचारतायत.

पागोळी: निखारे विझले की डास परत. हा चावतो रात्री, सगळे झोपल्यावर. त्यांनाही मच्छरदाणी लावा.

ओढ्याकाठी: म्हणजे विहिरीत मासे नकोतच. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.