पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रविवारची सफाई सुरू करायची आहे, पण भरलेली पोती द्यायची कुणाला?

सुतारदरा_पायथा

कोथरूडच्या बाजूने रोज सकाळी टेकडी चढणारे आम्ही दहा-बारा जण आहोत. पावसाळा सरला की दर रविवारी दोन तास सफाई करायचं ठरतंय. उत्साह भरपूर आहे, माहिती कमी. म्हणून विचारतो:

परवानगी कुणाची लागते, वनखात्याची की महापालिकेची? सामान काय घ्यावं? फुटक्या बाटल्यांचं काय करायचं? गोळा झालेला कचरा नेणार कोण? आणि शेवटचा, जरा वादाचा मुद्दा: आमच्यातल्या काहींना जूनमध्ये शंभर झाडं लावायची आहेत. रोपं फुकट मिळतायत. लावावीत का?

"जनजागृती करा" सोडून काहीही सांगा.

गोणपाट

कचरा नेणार कोण, हे आधी ठरवा. पोतं खाली आणून पायथ्याच्या कोपऱ्यावर ठेवून घरी जाणं सोपं असतं. रात्रीत कुत्री ते फाडतात आणि दोन दिवसांनी तोच माल नाल्यात दिसतो. तेव्हा पहिल्या रविवारच्या आधी, कामाच्या दिवशी सकाळी, तुमच्या भागाच्या आरोग्य कोठीवर (महापालिकेच्या सफाई कामगारांची हजेरी लागते ती जागा) जाऊन मुकादमाला भेटा. तीन गोष्टी विचारून घ्या: रविवारी कचऱ्याची गाडी येते का, किती वाजता, आणि नेमकी कुठे उभी राहते. रविवारी येत नसेल तर सफाई शनिवारी करा. गाडीची वेळ बदलायच्या भानगडीत पडू नका, आपली बदलणं सोपं. क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला एक पत्र देऊन पोच घेतलीत, तर पुढे मुकादम बदलला तरी अडत नाही.

परवानगीचं म्हणाल तर टेकडी एका मालकाची नाही. बराच भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खाजगी. नुसता कचरा उचलायला कुणी अडवत नाही, पण वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे एक पानी पत्र द्याच: किती माणसं, कोणत्या वाटेवर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. त्यात स्पष्ट लिहा की झाड, फांदी, दगड यांना हात लावणार नाही. राखीव वनात झाड तोडणं, आग लावणं, दगड काढणं हे सगळं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्ह्यात मोडतं. हेतू चांगला असला म्हणून सूट मिळत नाही.

सामान बारा जणांसाठी:

- 25 किलो तांदळाची विणलेली रिकामी पोती, 15. काळ्या कचरापिशव्या नकोत, घाणेरीच्या (लँटाना) काट्यांना लागून फाटतात.
- लांब दांड्याचे चिमटे, 4. स्वस्तातले चिमटे स्प्रिंगपाशी तुटतात, दोन जास्तीचे ठेवा.
- तळव्याला रबरी लेप असलेले सुती हातमोजे, प्रत्येकी एक जोड. हे काचेच्या कडेपासून वाचवतात, सुईपासून नाही.
- रंगाचे 20 लिटरचे रिकामे डबे, कडीसकट, 4. हे फक्त काचेसाठी.
- 10 बाय 12 फुटांची एक ताडपत्री, सुतळी, आणि पोत्यांवर लिहायला जाड मार्कर.

तिघा-तिघांचे चार गट करा: एक चिमटेवाला, एक पोतंवाला, एक डबेवाला. चढताना काहीही उचलायचं नाही. थेट वरच्या टोकाला जायचं आणि उतरत उचलत यायचं, म्हणजे ओझं कायम खालीच जातं. नवखे लोक पायथ्यापासून सुरू करतात आणि अर्ध्या वाटेवर भरलेली पोती घेऊन अडकतात.

काचेचा हिशेब आधीच करून ठेवा. 650 मिलीची बिअरची रिकामी बाटली साधारण अर्धा किलो भरते. वीस बाटल्या म्हणजे दहा किलो. मुरमाच्या उतारावर एक हात मोकळा हवाच, त्यामुळे एका माणसाला एवढं पुरे. डबाही अर्धाच भरा. अख्ख्या बाटल्या पोत्यात, फुटक्या डब्यात. फुटकी काच पोत्यात गेली की उतरताना पोतं पोटरीवर आपटतं आणि विणीतून काच थेट पायात. बाटलीत पाणी साचलेलं असेल तर तिथेच ओता, पण आत पाहून. उघड्या बाटल्यांमध्ये सापसुरळ्या आणि किडे अडकतात.

वर्गवारी टेकडीवर करू नका. खाली ताडपत्री पसरा आणि चार ढीग करा: पाण्याच्या बाटल्या आणि डबे, अख्खी काच, फुटकी काच, आणि चौथा सगळ्यात मोठा, वेफर्स-गुटख्याच्या चकचकीत पुड्यांचा. पहिल्या दोन ढिगांना भंगारात भाव आहे. ते 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांना द्या, तुमच्या सोसायटीत घरोघरी येणाऱ्या ताईंना विचारलंत तरी चालेल. दोनशे-चारशे रुपयांसाठी गटाने स्वतः भंगार विकत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चौथ्या ढिगाला कुणी विचारत नाही, तो सुका कचरा म्हणून गाडीतच जातो. फुटक्या काचेच्या पोत्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "काच" लिहा, पुढे कुणीतरी ते हाताने उघडणार आहे. डायपर, सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत, लाल खूण करून. सुया कागदातून टोचतात, त्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात.

ओला माल आणू नका. पावसात भिजलेलं प्लास्टिक चिखलासकट दुप्पट वजनाचं होतं आणि भंगारवाला परत पाठवतो. झटका, मग भरा.

आणि कृपा करून वरती कचराकुंडी बसवायची मागणी करू नका. टेकडीवरची कुंडी रोज रिकामी करायला माणूस नसतो. ती चार दिवसांत भरते, मग कावळे आणि कुत्री ती उपसतात आणि भोवती दहा फुटांत उकिरडा होतो. कुंडी हवी तिथे, जिथे गाडी पोहोचते.

कुसळी

गोणपाट यांनी झाडांचा प्रश्न सोडला, तो मी घेते. शंभर झाडं लावू नका.

वेताळ टेकडीचा मोठा भाग मुळात गवताळ माळ आहे. बसाल्टच्या कातळावर वीतभर मुरूम, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं. एप्रिलमध्ये हे उजाड दिसतं म्हणून लोकांना वाटतं, इथे काहीच नाही. पहिल्या पावसानंतर तिथेच पांढरी मुसळी उमलते, जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) येतात, टिटवी आणि चंडोल उघड्यावर अंडी घालतात. दाट सावली केली की हे सगळं जातं. वनखात्याने पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाच्या पट्ट्यात जाऊन खाली पाहा. झाड मध्य अमेरिकेतलं, लवकर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लावलं गेलं. त्याखाली पालापाचोळा आणि त्याचीच रोपं, बाकी फारसं काही नाही.

आता पाण्याचा हिशेब. मुरमात लावलेल्या रोपाला पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, फेब्रुवारी ते मे, आठवड्याला किमान 10 लिटर. शंभर झाडं म्हणजे आठवड्याला 1000 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 50 कॅन डोक्यावरून वर. बारा जणांत हे होणार नाही. जूनमध्ये फोटो निघतील आणि मार्चपर्यंत काटक्या उरतील. शिवाय वृक्षारोपणानंतर टेकडीवर पडलेल्या रोपांच्या काळ्या पिशव्या आणि नाश्त्याच्या प्लेटा तुम्हालाच उचलाव्या लागतील.

हाताला काम हवंच असेल तर जुलैत गाजर गवत उपटा. फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट. कापलं तर पुन्हा फुटतं. फुलावर आलेलं असेल तर उपटून इकडून तिकडे नेऊ नका. एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि वाटभर तुम्हीच पेराल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी या कामाला यायचंच नाही. सप्टेंबरात पिवळ्या-केशरी कॉसमॉसचा गालिचा होतो, लोक त्यात उभे राहून सेल्फी काढतात. तोही बाहेरचाच, बी धरायच्या आधी काढलेला बरा. पण दोन्हीसाठी वनरक्षकाला बरोबर घ्या, आणि ओळख पक्की असलेला एक माणूस गटात हवा. "तण" म्हणून मुसळी उपटणारे गट असतात.

पंचवटीकर

कुसळी, गवताचं पटलं. पण बाटल्या उचलायला लोक दोन रविवार येतात, तिसऱ्या रविवारी निम्मे. लहान मुलं आणि त्यांचे आई-बाप झाडासाठीच येतात. गट टिकवायचा तर पाच-दहा झाडं तरी हवीत.

कुसळी

मग पाच-दहाच, आणि जागा वनखात्याने दाखवलेली. माथ्यावर नको, ओढ्याच्या काठी किंवा जुन्या खाणीच्या मातीत, जिथे खोली आहे. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात, रोप दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पळस, पांगारा, सालई, मोई, धामण, मेडशिंगी यांतलं काही. आळं अर्धचंद्राकृती, उताराच्या खालच्या बाजूला. वाळक्या गवताचं आच्छादन तीन-चार इंच, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी आणि कूज दोन्ही.

त्याहून चांगलं म्हणजे आधीच लावलेली झाडं सांभाळा. कित्येक झाडांना पक्ष्यांच्या पाण्यासाठी कापलेले कॅन तारेने बांधलेले आहेत. खोड जाड होत जातं, तार तिथेच राहते, साल कापते आणि त्यावरची फांदी वाळते. मुलांना पकड द्या आणि अशा तारा शोधायला लावा. सालीत रुतलेली तार ओढायची नाही, दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा तसाच सोडायचा. पाणी ठेवायचंच असेल तर पसरट मातीचं भांडं जमिनीवर, आणि दर दोन दिवसांनी रिकामं करून घासायचं. शेव-फरसाण मोरांना नको.

सुतारदरा_पायथा

भरपूर मिळालं, आभारी आहे. झाडं रद्द, तारा पक्क्या. दोन गोष्टी राहिल्या. झाडांच्या बुंध्याशी लोक देवांच्या जुन्या तसबिरी ठेवून जातात. उचलल्या तर कुणी दुखावेल का? आणि घाणेरी काढावी का? तिच्यातच सगळ्या पिशव्या अडकतात.

गोणपाट

तसबिरी उचला, पण कचऱ्याच्या पोत्यात नाही. एक वेगळी स्वच्छ गोणी ठेवा आणि एकाच वडीलधाऱ्या माणसाकडे ते काम द्या. खाली आणून मागचे खिळे काढा, काच वेगळी, चौकट वेगळी, कागद निर्माल्याबरोबर. सगळ्यांच्या देखत फोडाफोड नको. मंदिराच्या अगदी जवळ असतील तर आधी पुजाऱ्याला विचारा, बहुतेकदा तेच म्हणतात, "घेऊन जा."

खाणीच्या पाण्यात टाकलेलं निर्माल्य मात्र काठावरून आकडीने येईल तेवढंच. पाण्यात कुणी उतरायचं नाही. कडा शेवाळलेल्या असतात आणि खोली एकदम लागते.

जाळरेषा

घाणेरीला सरसकट हात घालू नका. कापलीत तर दुप्पट फुटते. मुळाच्या गड्ड्याखाली, जमिनीत दोन इंच, कुदळीने तोडून झुडूप उलटं करून ठेवावं लागतं आणि पुढची दोन वर्षं नवी रोपं उपटावी लागतात. तितर, सातभाई, मुंगूस तिच्यातच राहतात, त्यामुळे एकदम मोठा पट्टा मोकळा केला तर त्यांचीच पंचाईत. हे वनखात्याच्या देखरेखीखालचं काम आहे. तुम्ही फक्त पिशव्या काढा, तेही चिमट्याने. झुडपाखाली आणि दगडांखाली हात घालायचा नाही, या टेकड्यांवर फुरसं आणि घोणस हे दोन्ही विषारी साप आहेत. आधी काठी आपटायची, मग चिमटा.

वणव्याचं कुणी बोललं नाही. डिसेंबरपासून गवत वाळतं आणि पहिल्या पावसापर्यंत एक थोटूक पुरतं. धूर दिसला तर अग्निशमन दलाला 101 आणि वनखात्याला 1926. फोनवर "वेताळ टेकडीवर आग" एवढं सांगू नका, टेकडी मोठी आहे. कोणत्या वाटेने गाडी येईल ते सांगा: एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचा रस्ता, पाषाणकडची पंचवटी, की गोखलेनगरकडून वनविहार. आग उतारावर वरच्या दिशेने झपाट्याने चढते, म्हणून तिच्या वर कधीही उभं राहायचं नाही. गुडघ्याएवढी ज्वाळ असेल तर बाजूने, आधीच जळलेल्या भागात पाय ठेवून, ओल्या डहाळीने झोडपत जाता येतं. डहाळी डोक्यावर उचलून आपटू नका, ठिणग्या उडतात. दाबायची आणि जळलेल्या बाजूला ओढायची. त्याहून मोठी ज्वाळ असेल तर मागे फिरा. नायलॉनचे ट्रॅकसूट घालून आगीजवळ जायचं नाही, ठिणगीने वितळून अंगाला चिकटतात. आग पसरू नये म्हणून गवत आधीच जाळून केलेले जाळपट्टे वनखातंच काढतं. आपणहून गवत जाळून पट्टा काढायला गेलात, तर वणवा लावणारे तुम्हीच ठराल.

पंचवटीकर

अजून एक. बाटल्या कुठे किती मिळाल्या ते दर वेळी जागेनुसार लिहून ठेवा: कठडा, खाण, गाड्या लावायची जागा. तीन महिन्यांचा असा कागद वन परिक्षेत्र कार्यालयात आणि पोलीस चौकीत दिला, तर संध्याकाळची गस्त नेमकी कुठे हवी ते दाखवता येतं. नुसत्या "टेकडीवर दारू पितात" या तक्रारीवर गस्त कुठे पाठवायची, हे त्यांनाही कळत नाही.