महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मराठी त्रैमासिक : आखणी कुठून सुरू करावी?

प्रश्न : मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील आम्ही आठ जण, काही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आणि काही पदव्युत्तर वर्गात असलेले, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक मराठी त्रैमासिक काढण्याच्या विचारात आहोत. आमच्याकडील अनेक महाविद्यालयांच्या वार्षिक अंकात कन्नड, इंग्रजी, हिंदी आणि मराठी असे वेगवेगळे विभाग असतात. मराठीच्या वाट्याला येणारी पंधरा-वीस पाने कवितांनी आणि निबंधांनी भरतात, आणि ती एका महाविद्यालयाच्या आवारापलीकडे जात नाहीत. आम्हाला तीन-चार गावांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारा एकच अंक हवा आहे.

सध्या ठरलेले असे : ए-४ आकार, ६४ पाने, सगळी रंगीत आणि गुळगुळीत कागदावर, ५०० प्रती, मुखपृष्ठावर येळ्ळूरच्या राजहंसगडाचे छायाचित्र. खर्च काही जाहिरातींतून आणि काही वर्गणीतून भागवायचा आहे. नावावर मात्र तीन बैठका होऊनही एकमत झालेले नाही. मजकूर काही जणांनी भ्रमणध्वनीवर टंकून पाठवला, तर एका प्राध्यापकांचा लेख जुन्या फाँटमध्ये आला आणि आमच्या संगणकावर तो निव्वळ चिन्हांचा ढीग दिसतो. एका मित्राने मांडणीचा नमुना करून पाहिला, तेव्हा जोडाक्षरे तुटून अक्षरे सुटी पडली. आम्ही कुठून सुरुवात करावी, आणि काय चुकत आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ : वर्गाबाहेर (टिळकवाडी)

मी अनेक वर्षे मराठी शिकवले आणि त्यांतील काही वर्षे महाविद्यालयाच्या अंकाचे काम पाहिले. आपल्या प्रश्नात पाने, कागद, रंग आणि नाव एवढे सगळे आले, पण वाचक आला नाही, म्हणून तिथून सुरुवात करतो. जांबोटीहून सकाळच्या बसने येणारी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि आता वाणिज्य शाखेची पुस्तके इंग्रजीतून वाचणारी मुलगी हा आपला एक वाचक आहे. पहाटे मैदानावर धावून, सैन्यभरतीची तयारी करून मग वर्गात पेंगणारा मुलगा हा दुसरा. घरी मराठी बोलणारा, परंतु इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे देवनागरी परिच्छेद अडखळत वाचणारा तिसरा. या तिघांना एकाच अंकात काहीतरी मिळाले पाहिजे, आणि ते राजहंसगडाच्या छायाचित्रामुळे मिळणार नाही. किल्ला सुंदर आहे, परंतु तो प्रत्येक दिनदर्शिकेवर असतो.

माझा आग्रह असा की प्रत्येक अंकात हिंडून, माणसांना भेटून लिहिलेला निदान एक दीर्घ लेख असावा. उद्यमबागेतील फाउंड्रीत दिवसभर काम करून संध्याकाळी अभ्यास करणाऱ्या मुलांचा दिवस कसा जातो? मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, त्या शहराच्या भोवतालच्या गावांत भरतीची तयारी कशी चालते, आणि २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यावर घराघरांतील हिशेब कसे बदलले? वडगाव-शहापुरातील विणकरांची मुले मागावर बसतात का? मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. तिथे जाऊन आलेले किती जण आपल्या वर्गात आहेत? असे विषय संपादकांनी स्वतः ठरवून, लेखक निवडून, शब्दमर्यादा आणि तारीख देऊन लिहून घ्यावे लागतात. सूचनाफलकावर ‘साहित्य पाठवावे’ असे लिहिले की केवळ कविता येतात. त्यांतील दोन-तीन चांगल्या असतात, काही भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या असतात, आणि हल्ली काही यंत्राने लिहिलेल्याही असतात. एका अंकात चारपेक्षा अधिक कविता घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. एका वर्षी आमचा ९६ पानांचा, खरोखर देखणा अंक मुद्रणालयातून आला तो मे महिन्यात. परीक्षा संपल्या होत्या, वसतिगृह रिकामे होते आणि अंतिम वर्षाची मुले दाखले घेऊन गेली होती. त्यांतील अर्धे गठ्ठे पुढील दोन वर्षे ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सुतळीही न सोडता पडून राहिले. तेव्हापासून मी अंकाचे वेळापत्रक उलटे मांडतो. सत्र सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात अंक विद्यार्थ्यांच्या हाती हवा असेल, तर छपाई व बांधणीला दहा दिवस, दोन वेळच्या मुद्रितशोधनाला आठवडा, मांडणीला दोन आठवडे आणि संपादनाला तीन आठवडे धरावे लागतात. म्हणजे लेख आधीच्या सुट्टीतच हातात असले पाहिजेत. वर्षातून चार अंक निघतील असे गृहीत धरू नका. दोन्ही सत्रांत मिळून तीन अंक वेळेवर निघाले, तरी पुष्कळ झाले.

नावाविषयी एक व्यावहारिक सूचना. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. आपला अंक ठराविक काळाने निघणार, महाविद्यालयाबाहेर जाणार आणि सार्वजनिक घडामोडींवर भाष्य करणार असेल, तर नोंदणीचा विचार करावाच लागेल, आणि त्यात शीर्षकाची मंजुरी येते. म्हणून एका नावावर भांडत बसण्याऐवजी पसंतीक्रमाने चार-पाच नावे ठरवा, आणि मंजुरी येईपर्यंत बोधचिन्ह छापू नका. तसेच कोणाची कविता किंवा चित्र घेताना लेखी परवानगी ठेवा; आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क राहतो.

उत्तर २ : जुना जुळारी (शहापूर)

सरांनी मजकुराचे सांगितले, मी कागदाचे सांगतो. मी छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून संगणकापर्यंत सगळे केलेले आहे.

ए-४ हा आकार कार्यालयातील पत्रांसाठी ठीक आहे, अंकासाठी तो महाग पडतो. बाजारात सहज मिळणारा २३ × ३६ इंचांचा कागद घेतला, तर त्याचे आठ भाग प्रत्येकी ९ × ११.५ इंचांचे होतात. ए-४ ची उंची जवळजवळ ११.७ इंच असल्यामुळे ती त्यात बसत नाही, मग मोठा कागद घ्यावा लागतो आणि कडेच्या पट्ट्या रद्दीत जातात. त्याऐवजी २० × ३० इंचांचा कागद घ्या. त्याचे आठ भाग ७.५ × १० इंचांचे होतात आणि छाटणीनंतर सुमारे ७.२५ × ९.५ इंचांचे पान मिळते. बसमध्ये एका हातात धरून वाचता येईल असा हा आकार आहे.

या कागदाचा एक ताव दोन्ही बाजूंनी छापून दुमडला की १६ पानांचा एक संच निघतो, त्याला फर्मा म्हणतात. पहिल्या अंकाला तीन फर्मे म्हणजे ४८ पाने आणि वर चार पानांचे मुखपृष्ठ एवढे पुरे. मधोमध पिन मारलेल्या बांधणीत तीन फर्मे एकात एक बसतात, हे फार थोड्या संपादकांना ठाऊक असते. सर्वांत बाहेरच्या फर्म्यात १ ते ८ आणि ४१ ते ४८ ही पाने येतात, मधल्यात ९ ते १६ आणि ३३ ते ४०, तर सर्वांत आतल्या फर्म्यात १७ ते ३२ ही पाने सलग येतात. म्हणून रंगीत छपाई केवळ एकाच फर्म्यात करायची, आणि तो फर्मा आतला निवडायचा. आपला छायाचित्रांचा दीर्घ लेख १७ ते ३२ या पानांत बसवला, तर सोळा सलग पाने रंगीत मिळतात आणि उरलेली बत्तीस पाने काळ्या शाईत होतात. तावाच्या प्रत्येक बाजूला दर रंगाची एक प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, लागतो; म्हणून एकरंगी फर्म्याला दोन प्लेट लागतात, चाररंगी फर्म्याला आठ. यंत्र लहान असेल तर हाच हिशेब आठ पानी फर्म्यांत करावा लागेल, एवढाच फरक. सगळा अंक रंगीत केला तर बिल पाहून दुसरा अंक निघणार नाही.

कागद आतून ७० किंवा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो हा बिनचमकीचा कागद घ्या. गुळगुळीत आर्ट पेपरवर दिव्याचा उजेड चमकतो, पेनाने खुणा करता येत नाहीत, आणि विद्यार्थ्याने अंकात खुणा केल्या तर मला तरी आनंदच होईल. मुखपृष्ठाला २५० जीएसएमचा आर्ट कार्ड पुरेसा आहे. ५०० प्रतींना ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून होणारी छपाई, परवडते. शंभर-दीडशेच काढायच्या असतील तर डिजिटल छपाई करा. दर मात्र बेळगावात दोन आणि कोल्हापुरात एक अशा तीन ठिकाणी लेखी विचारा, आणि त्यात कागद, प्लेट, बांधणी व वाहतूक वेगवेगळी दाखवायला सांगा.

आता अक्षरांचे. प्राध्यापकांचा लेख खराब झालेला नाही. तो युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये आहे. रूपांतरकातून तो युनिकोडमध्ये आणा, पण त्यानंतर मूळ कागदाशी एकेक ओळ ताडून पाहा, कारण रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. जोडाक्षरे तुटतात ती मांडणीच्या प्रणालीमुळे. इनडिझाइन ही प्रणाली वापरत असाल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी जुळवण्याचा पर्याय) निवडावा लागतो, नाहीतर अक्षरे सुटी पडणारच. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती विनामूल्य आहे आणि ती देवनागरी नीट जुळवते.

मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि शीर्षकांसाठी ‘मुक्त’ असे दोन फाँट घ्या, तिसऱ्याला हात लावू नका. दोन्ही विनामूल्य आहेत. टिरोमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे मुळातच आहेत. इतर अनेक फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ती उमटत नाहीत आणि हिंदी वळणाची अक्षरे छापली जातात. त्याने वाचन अडत नाही, पण मराठी अंकात मला ते खटकते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक मात्र अर्थाचाच आहे. समुद्रावरच्या लेखात डोंगर येऊ नयेत, एवढ्यासाठी तरी ऱ कसा टंकायचा हे सर्व लेखकांना शिकवा.

अक्षर साडेअकरा पॉइंट आणि ओळींचे अंतर सोळा पॉइंट ठेवा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. दोन स्तंभ करणार असाल तर मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका, डावीकडूनच जुळवा, कारण मराठी शब्द लांब असतात आणि अरुंद स्तंभात त्यांच्यामध्ये भगदाडे पडतात. अशा पानावर सुमारे चारशे शब्द बसतात. जाहिराती आणि चित्रे वजा जाता छत्तीस पाने उरली असे धरले, तर सगळ्या अंकाचा मजकूर साडेचौदा हजार शब्दांच्या आत हवा. लेख मागवण्यापूर्वी ही बेरीज भिंतीवर लावा.

छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साधी पाठवली की ती आकसतात. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साडेतीन इंच रुंद छापायच्या चित्राला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, निदान १०५० पिक्सेल रुंदी लागते. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडा.

उत्तर ३ : वखारीमागची (निपाणी)

आदरणीय सर आणि काका, मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे, म्हणजे आपण ज्या वाचकाविषयी बोलत आहात त्यांपैकीच एक. दोन गोष्टी नम्रपणे मांडते.

पहिली भाषेची. माझी आई विड्या वळते. तिच्या बोलण्यात तंबाखूच्या वखारीतले शब्द आहेत, शेजारच्या कन्नड बायकांकडून आलेले शब्द आहेत, आणि ते पुस्तकात कुठे सापडत नाहीत. शाळेत मी तिच्यावर निबंध लिहिला होता, तेव्हा ते सगळे शब्द लाल शाईने खोडून त्यांच्या जागी प्रमाण शब्द घातले गेले. निबंधाला चांगले गुण मिळाले, पण त्यातून आई निघून गेली. या त्रैमासिकात लेखाचे निवेदन प्रमाण मराठीत ठेवायला माझी हरकत नाही, परंतु माणसांचे बोलणे आहे तसे राहावे, चंदगडी असो, निपाणीचे असो किंवा बेळगावच्या गल्लीतले असो. अवघड शब्दाचा अर्थ त्याच पानाच्या तळाशी द्यावा. मुद्रितशोधन करणाऱ्यांना हे आधीच लेखी सांगून ठेवावे, नाहीतर ते चांगल्या हेतूनेच सगळे सरळ करून टाकतील.

दुसरी गोष्ट कवितांची. सर, चारच कविता ही मर्यादा मला मान्य आहे, परंतु ज्यांची कविता घेतली नाही त्यांना कारण सांगणाऱ्या दोन ओळी जाव्यात. इंदिरा संत यांनी ज्या बेळगावात राहून लिहिले, तिथे कविता लिहिणाऱ्या मुलीला उत्तरच येऊ नये, हे बरे दिसत नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणी पहिल्यांदा काही लिहितात ती कविताच असते. तिला उत्तर मिळाले तर पुढच्या वेळी तीच मुलगी आपल्याला लेख देईल.

पुन्हा मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही बसून निर्णय बदलले. आकार ७.२५ × ९.५ इंच, पाने ४८, रंगीत फर्मा केवळ आतला. वर्षातून तीनच अंक काढायचे, म्हणून ‘त्रैमासिक’ हा शब्दही तूर्त बाजूला ठेवला आहे. पहिला दीर्घ लेख खानापूरच्या कुंभारकामावर करायचे ठरले. इथल्या मातीमुळे खानापुरात कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली, पण आमच्यापैकी कोणीही आजवर तिच्या फाटकाच्या आत गेलेले नाही. मुखपृष्ठावर किल्ल्याऐवजी चाकावरचा हात येईल. निपाणीच्या ताईंना बोलीतील मजकूर तपासण्याची जबाबदारी घेण्याची विनंती आहे.

जुळारी काकांना एकच शंका विचारतो. जाहिराती कुठे ठेवाव्यात? एका दुकानदारांना पहिल्याच पानावर, अनुक्रमणिकेच्या आधी जागा हवी आहे, आणि ते पैसे सर्वांत जास्त देत आहेत.

जुना जुळारी (शहापूर)

त्यांना मलपृष्ठ द्या. टेबलावर पालथा पडलेला अंक सगळ्यांना दिसतो, हे त्यांना अंक हातात धरून दाखवा, ते पटेल. मुखपृष्ठाच्या आतल्या दोन बाजू इतर दोघांना द्या. १७ ते ३२ या पानांत एकही जाहिरात घेऊ नका, कितीही पैसे आले तरी. आणि छपाईला फाइल पाठवण्यापूर्वी कोऱ्या कागदाचे तीन ताव दुमडून, एकात एक बसवून, हाताने पानांचे आकडे लिहून एक डमी करा. दुकानात आणलीत तर मी पाहून देईन. दुपारी दोन ते चार मात्र दुकान बंद असते.